मजुरीचा रकाना

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत मी असंख्य ताळेबंद तपासले. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला की दिवस सार्थकी लागला, असे मानण्याची सवय जडली. निवृत्तीनंतरही घरखर्चाची वही मी नेमाने लिहितो. त्या वहीत गेल्या मे महिन्यातील एक पान असे आहे की ज्याचा मेळ अद्याप बसलेला नाही. त्या पानाची ही हकीकत.

आमच्या घरी १९९० सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कै. वडिलांचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते. आयुष्यभर सायकल आणि नंतर स्कूटर वापरलेल्या त्या माणसाने वयाच्या साठाव्या वर्षी ही गाडी घेतली. त्या काळी मारुती ८०० रस्त्यावर येऊन सहा-सात वर्षे झाली होती आणि सर्वांचा ओढा तिकडे होता. वडिलांनी मात्र पद्मिनीच निवडली. त्याचे कारण ते अभिमानाने सांगत. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी उभी केली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या आपल्या माणसाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही क्षेत्रांत पाऊल टाकले. आमच्या सांगलीत विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करून उभे आहे. 'आपल्या माणसाने काढलेल्या कारखान्याची गाडी' एवढेच वडिलांना पुरेसे होते.

फियाट ११०० या इटालियन गाडीचे हे भारतीय रूप. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख आले. ते वाचून मी आमच्या गाडीवरची धूळ पुसली होती, हे मला आठवते. पण नुसती धूळ पुसून गाडी राखली जात नाही, हे पुढे कळले.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि परिवहन कार्यालयात गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. आमच्या गाडीची मुदत जूनमध्ये संपत होती. तपासणीसाठी मे महिन्यातील एका सोमवारची वेळ मिळाली होती आणि त्याच बुधवारी मी व सौ. बंगळुरूस निघणार होतो. थोरल्या मुलीचे बाळंतपण होते, मुक्काम तीन महिन्यांचा. सोमवार चुकला असता तर नोंदणीच संपली असती. पुण्याचे चिरंजीव तर दोन वर्षांपासून म्हणतच होते, "बाबा, भंगारात द्या आता. किती दिवस सांभाळणार?"

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी कोल्हापूरचे एक लग्न आटोपून मी एकटाच परतत होतो. हातकणंगले मागे पडल्यावर तापमानाचा काटा वर सरकलेला दिसला. जयसिंगपूरला थांबू, असे मनाशी म्हटले. जयसिंगपूर आले तेव्हा वाटले, आता सांगली कितीशी राहिली! अंकलीचा पूल जवळ आला आणि बॉनेटखालून वाफ उसळली. इंजिनाने दोन-तीन गचके दिले आणि ते बंद पडले. दोष गाडीचा नव्हता. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपला बारीक चीर पडली होती आणि मी पंधरा दिवसांत एकदाही झाकण उघडून पाणी पाहिले नव्हते. काटा लाल रेषेवर गेल्यावर जागीच थांबलो असतो, तरी प्रकरण एका पाइपावर भागले असते. हिशेबात काटेकोर म्हणवणाऱ्या माणसाची ही निष्काळजी!

आम्ही चार शाळूसोबती आहोत. एक मिरज तालुक्यातील द्राक्षबागायतदार. दुसरा माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला, पदार्थविज्ञान शिकवणारा शिक्षक, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. तिसरा आय.टी.आय. करून एस.टी.च्या कार्यशाळेत लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याला शाळेपासून सारे मिस्त्रीच म्हणतात. चौथा मी. बागायतदाराने आपली पिकअप आणून गाडी ओढत घरी पोहोचवली. संध्याकाळी मिस्त्री आला. त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. पट्टीवरचे ऑइल ताकासारखे पांढुरके झाले होते.

"पाणी ऑइलात उतरलंय. हेड गॅस्केट गेलं," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "सकाळी पाणी बघायचं असतंय रे."

शुक्रवारी मी दोन गॅरेजांत चौकशी केली. एकाने तीन आठवडे सांगितले. दुसऱ्याने तर पद्मिनीचे काम करणारे हातच आता नाहीत, असे सांगून टाकले. रात्री मिस्त्रीचा फोन आला. "सोमवारी दाखवायची आहे ना? शनिवार-रविवार आहेत की मधे. अंगणात सतरंजी टाक आणि उजेडाची सोय कर." मास्तर तोवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानातून गॅस्केटचा संच घेऊनही आला होता.

शनिवारी सकाळी सात वाजता काम सुरू झाले. प्रथम मिस्त्रीने चारही प्लग काढून सिलिंडरमधील दाब मोजला. पहिला आणि चौथा सिलिंडर सुमारे १२० पौंड दाखवत होते. दुसरा आणि तिसरा साठाच्या आसपास. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी आला की त्यांच्यामधले गॅस्केट जळाले, असा अर्थ. मास्तर हे माझ्या बारा वर्षांच्या नातवाला समजावून सांगू लागला आणि अंगणाचा वर्ग झाला.

मास्तर म्हणाला, इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन मर्यादेत तापते तोवर दोघांमधले गॅस्केट हा फरक सांभाळून घेते. पाणी संपले की हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी, ऑइल व स्फोटाचा वायू यांच्या वेगवेगळ्या वाटा एकमेकींत मिसळतात.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक वही घेऊन बसलो. कोणता नट कोठून निघाला, कोणत्या क्रमाने निघाला, याची नोंद. सुटे भाग क्रमांक घातलेल्या डब्यांत. आठ पुशरॉड एका पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत ओळीने उभे केले, कारण वर्षानुवर्षे ज्या जागी घासून ते बसले, त्याच जागी ते परत जायला हवेत. बॅटरीची तार सोडवली. रेडिएटरचे उरलेसुरले पाणी एका टोपात काढून घेतले आणि वर झाकण ठेवले. ही गोष्ट वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. कूलंटची चव गोड असते. उघडे राहिले तर कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यातील विषाने प्राणास मुकतात. ते अंगणात सांडू नये, गटारात ओतू नये. जळके ऑइलही आम्ही कॅनमध्ये भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिले.

हेडचे नट मिस्त्रीने बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल केले. एकदम एका बाजूचे सोडले तर आधीच वाकलेले हेड आणखी वाकते. अकरा वाजता हेड उचलले. गॅस्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध करंगळीएवढी काळी, जळकी रेघ होती. मिस्त्रीने हेड पालथे करून त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि फीलर गेजचे पाते खालून सरकवले. मधल्या भागात ते सहज आत गेले. हेड वाकले होते.

आता मशीनशॉप गाठणे आले. रविवारी ते बंद. मिस्त्रीने तासाभरात आठही व्हॉल्व्ह काढले आणि बागायतदाराने पिकअप काढली. दुकानदाराने आधी सोमवारचा वायदा केला. मिस्त्री त्याच्याशी दहा मिनिटे बाजूला जाऊन बोलला. काय बोलला ते त्याने सांगितले नाही. साडेपाच वाजता हेडचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट होऊन आमच्या हाती आला. दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी पडवीतच एका पंगतीत जेवण केले. मिस्त्रीने ज्वारीची भाकरी मागितली म्हणून सौ.ने ऐन वेळी पीठ मळले.

रविवारी सकाळी व्हॉल्व्ह बसवण्याआधी ते घासायचे होते. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, त्याला लाकडी दांड्याचे रबरी चोषक चिकटवायचे आणि दोन्ही तळहातांमध्ये तो दांडा, ताक घुसळताना रवी फिरवतात तसा फिरवायचा. हळूहळू व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांवर करड्या रंगाचे अखंड कडे उमटते. ते अखंड आले की वायू गळत नाही. चार व्हॉल्व्ह त्याने घेतले, चार मला दिले. मास्तर आणि बागायतदार होज पाइप व थर्मोस्टॅट आणायला गेले होते, नातू आत नाश्ता करत होता. पडवीत आम्ही दोघेच होतो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२ साली मी आमच्या बँकेच्या सांगलीतील एका शाखेत कर्ज विभागात अधिकारी होतो. मिस्त्रीला एस.टी. सोडून स्वतःचे गॅरेज काढायचे होते. त्याने साठ हजारांच्या कर्जासाठी अर्ज केला. जागेचा करार नव्हता. जामीनदार एकच होता, तोही निकषात बसत नव्हता. स्वतःची भरायची रक्कम अपुरी होती. मी अर्ज नामंजूर केला. नियमाने ते योग्य होते आणि आजही ती फाइल माझ्यासमोर आली, तर मी तेच लिहीन. मिस्त्री एस.टी.तच राहिला. आम्ही पुढे शेकडो वेळा भेटलो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत पंगती वाढल्या, पण त्या अर्जाविषयी दोघांपैकी कोणीही कधी शब्द काढला नाही. तेहतीस वर्षे.

त्या सकाळी त्याचे हात पाहत होतो. बोटांच्या पेरांत काळे ऑइल मुरलेले, पण हालचाल इतकी हलकी आणि नेमकी की पाहत राहावे. हे हात स्वतःच्या गॅरेजात असायला हवे होते, असे मनात आले आणि मी बोलून गेलो. "ब्याण्णव सालचा तुझा अर्ज... मला तो पास करता आला नाही. तू कधी बोलला नाहीस."

त्याने दांडा फिरवणे थांबवले नाही. "राग आला होता. खोटं कशाला सांगू?" थोड्या वेळाने म्हणाला, "नियमात बसत नसंल तर नसंल. ते मला तवाच कळलं होतं. पण तू फाइल शिपायाकडनं परत पाठवलीस. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत तू दिसत होतास. उठून दहा पावलं आला असतास, तर बरं झालं असतं."

मला काहीही उत्तर सुचेना. ते खरे होते. त्या दिवशी त्याच्याकडे पाहण्याचा मला संकोच वाटला होता आणि तो संकोच मी कामाच्या गर्दीखाली झाकला होता. इतकी वर्षे मी समजत होतो की त्याला नकाराचे दुःख आहे, आणि नियमाच्या आधाराने स्वतःला निर्दोष ठरवत होतो. चूक तिसऱ्याच ठिकाणी होती.

"चुकलं माझं," एवढेच म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. मग हात पुढे करून, "तो व्हॉल्व्ह दे इकडं. तिसऱ्याचा हाय नव्हं? तुझं कडं एका बाजूला तुटलंय. आणखी घासायला पायजे."

आणि मी आणखी घासला.

दुपारी नवे गॅस्केट बसवून हेड चढवले. आता नट आवळायचे ते मधून बाहेर, आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत आणि पुस्तिकेत दिलेल्या ताकदीएवढेच. त्यासाठी बागायतदाराने ट्रॅक्टरच्या कामासाठी घेतलेला टॉर्क पाना आणला होता. प्रत्येक नटाला 'टक्' असा आवाज आला की मी वहीत खूण करत होतो. पुशरॉड, रॉकर, टॅपेटची फट, पाइप, थर्मोस्टॅट असे करत साडेचार वाजले. इंजिनात प्रथम स्वस्तातले ऑइल भरले. आत राहिलेला पाण्याचा अंश त्याबरोबर काही मिनिटांत धुऊन निघतो, मग ते काढून चांगले ऑइल भरायचे.

नातवाला चावी फिरवण्याचा मान दिला. इंजिन फिरले, धाडकन फटाक्यासारखा आवाज झाला आणि शेजारचे दोन कुटुंबप्रमुख गच्चीवर आले. पुन्हा फिरवले, पुन्हा तोच आवाज. माझा चेहरा पडला. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकला आणि हसू लागला.

"प्लगच्या तारा कोणी लावल्या?"

त्या मी लावल्या होत्या. शनिवारी सकाळी त्या काढल्या तेव्हा माझी वही सुरू झालेली नव्हती, म्हणून मी त्या डिस्ट्रिब्युटरवरून हिशेबी माणसाला साजेशा, एक-दोन-तीन-चार अशा ओळीने लावल्या होत्या. या इंजिनात ठिणगी पडते ती एक-तीन-चार-दोन या क्रमाने. मिस्त्रीने तारा बदलल्या. चावी फिरवताच इंजिन सुरू झाले. नळीतून आधी पांढरी वाफ आली. सात-आठ मिनिटांत ती विरत गेली आणि काटा मध्यावर येऊन स्थिर झाला. सौ. दारात उभी होती. ती आत गेली आणि वडिलांच्या तसबिरीपाशी थोडा वेळ थांबली, हे मी पाहिले.

सोमवारी सकाळी सहा वाजता मिस्त्री पुन्हा आला. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे नट त्याने एकदा तपासले, टॅपेट पाहिले आणि परिवहन कार्यालयापर्यंत माझ्या शेजारी बसून आला. निरीक्षकांनी इंजिनाचा आणि चॅसीचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे, ब्रेक, धूर पाहिला. गाडीला आणखी पाच वर्षे मिळाली.

त्या रात्री मी वही उघडली. गॅस्केटचा संच १,४०० रुपये, हेड सपाट करणे १,०००, दोन वेळचे ऑइल १,८००, कूलंट ६००, होज पाइप ४५०, थर्मोस्टॅट ५५०, डिझेल, पेस्ट व किरकोळ ३००. एकूण ६,१०० रुपये. त्याखाली मी 'मजुरी' असे लिहिले आणि थांबलो. पाकिटात काही रक्कम घालून मिस्त्रीकडे द्यावी, असा विचार मनात आला. सौ.ला विचारले. ती म्हणाली, "पाकीट कोणाबरोबर पाठवणार?" मी तिला पडवीतले बोलणे सांगितले होते. पाकीट पाठवले नाही.

वाचकांना माझे सांगणे साधे आहे. गाडी जुनी असो वा नवी, आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना पाणी आणि ऑइल पाहावे. काटा वर चढला तर पुढचे गाव गाठण्याचा मोह न धरता तेथेच थांबावे, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. मित्रांच्या हातून असे काम करून घ्यायचे असेल, तर साहित्य आधी आणून ठेवावे, निघालेल्या प्रत्येक भागाची नोंद पहिल्या मिनिटापासून ठेवावी आणि मशीनशॉपची सुट्टी कोणत्या दिवशी असते, ते आधी विचारावे.

बंगळुरूहून नातीला पाहून ऑगस्टमध्ये परतलो. मिस्त्रीच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत काही घोळ होता, तीन वर्षे त्याची दुरुस्ती रखडली होती. त्याने फोनवर सहज सांगितले आणि म्हणाला, "कागद घेऊन येतो तुझ्याकडं कधीतरी." मी त्याला येऊ दिले नाही. पेन, कोरे कागद आणि चष्मा घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. दोन दुपारी बसून सारे अर्ज नीट लिहून काढले. शेवटच्या कागदावर त्याने सही केली आणि म्हणाला, "किती झाले साहेब?"

'मजुरी'पुढचा रकाना मी अजून कोराच ठेवला आहे.